सॅम्पलमधली नवरी

रत्नदीप ताकसांडेला मी भित्रा म्हटलं की त्याची आई कौशल्याबाई उसळतात. "काकू, तो कायचा भेते? मोहल्ल्यात साप निंगाला तं लोक त्यालेच बलावतात." हे खोटं नाही. लग्नाचं शूटिंग करताना तो मांडवाच्या पाइपावर चढून एका हाताने लटकतो. देवळीच्या एका वरातीत घोडी उधळली, वऱ्हाडी नवरदेवाला टाकून पळाले, आणि हा घोडीसमोर उकिडवा बसून कॅमेरा चालवत राहिला. साप, घोडी, उंची, वीज, कशाचीच त्याला भीती नाही. त्याला भीती आहे ती एका माणसाजवळ कायमचं राहण्याची. या भीतीचा त्रास त्याला स्वतःला फारसा झाला नाही. तो रक्षा मूनला झाला.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत आमच्या घराला रस्त्याच्या बाजूने एक गाळा आहे. यजमान गेल्यावर मी तो भाड्याने दिला. आधी एक झेरॉक्सवाला होता, तो उधारीत बुडाला. मग रत्नदीप आला. त्याने भिंती काळ्या रंगवल्या, दारावर 'आर. टी. फिल्म्स' अशी पाटी लावली आणि काचेच्या आत रस्त्याकडे तोंड करून एक मोठा टीव्ही बसवला. गाळ्याची आणि माझ्या ओसरीची भिंत एकच आहे. तिकडे साध्या आवाजात बोललेलं इकडे ऐकू येतं. मी कान लावून ऐकते असं कोणी समजू नये. कान बंद करायची सोय नाही, एवढंच.

लग्नाआधी नवरा-नवरीला नदीवर, धरणावर न्यायचं, गाण्यावर चालवायचं, पळवायचं, फुगे सोडायला लावायचे, आणि ती फिल्म लग्नाच्या दिवशी हॉलमधल्या पडद्यावर पाहुण्यांना दाखवायची, ही पद्धत आता आमच्याकडे घरोघर पोचली आहे. प्री-वेडिंग म्हणतात. ज्यांना दोन वाक्यं एकमेकांशी धड बोलता येत नाहीत, अशी मुलं-मुली त्यात एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभी असतात. रत्नदीपला हा धंदा करायचा होता. पण दाखवायला आधीचं काही हवं. गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न तोच विचारतं: सॅम्पल आहे का?

रक्षा पुलगावची. तिचे वडील प्रभाकरराव मून तिथल्या दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालेले. आई तिच्या लहानपणीच गेलेली. नागपूरला कोर्स करून ती नवरीचा मेकअप करू लागली होती. लग्नात ती आत नवरीला सजवायची आणि हा बाहेर कॅमेरा घेऊन खोळंबायचा; दारावर थाप मारून "झालं काय?" विचारायचा आणि आतून ती ओरडायची, "चेहरा आहे, भिंत नाई पुट्टी मारून मोकळं व्हायले!" तिथूनच ओळख वाढली. उंच, सावळी, मोठ्याने हसणारी मुलगी. ती गाळ्यात आली की माझ्या ओसरीवरच्या चिमण्या उडायच्या.

सॅम्पल कसं ठरलं ते मी भिंतीतून ऐकलं आहे.

"मॉडेल आणतो म्हणतं, कुठून आणतं?" रक्षा म्हणाली. "माह्याजवळ मेकअप आहे, लेहंगा आहे, तोंड आहे. नवरदेव तू हो."

"मी? मी कॅमेऱ्यामागचा माणूस आहे."

"मंग एक दिवस समोर ये. मरत नाई."

लॉकडाऊनच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांनी ती फिल्म केली. एखाद्या गाण्याएवढी. संवाद नाहीत. एक मुलगी धाम नदीच्या खडकांवरून पुढे चालते, मुलगा मागून येतो. ती थांबली की तोही थांबतो. ती बसस्टँडच्या बाकावर बसते आणि शेजारची जागा राखायला ओढणी ठेवते. मुलगा येतो, त्या जागेकडे बघतो, आणि बसत नाही. खांबाला टेकून उभा राहतो. बस येते, जाते. दोघं तिथेच. शेवटी बोर धरणाच्या भिंतीवर ती लाल लेहंग्यात, नवरीच्या पूर्ण साजात, मागे न बघता हात मागे करते. बराच वेळ तो हात नुसताच हवेत राहतो. मग एक हात येतो आणि तो धरतो.

लग्नाला घाबरणाऱ्या माणसाची इतकी खरी गोष्ट मी पडद्यावर दुसरी पाहिलेली नाही. त्याचं कारण सोपं होतं. त्यात कोणी अभिनय करत नव्हतं.

गिऱ्हाइकांना अर्थात त्यातलं काही दिसलं नाही. "पोट्टा नाचत काऊन नाई?" "ड्रोन आहे ना तुमच्याजवळ?" "आमची पोरगी एवढीच गोरी दिसन ना?" एक गृहस्थ सगळी फिल्म बघून म्हणाले, "ते बसस्टँडवालं काढून टाकजा. आमचा जावई बसनं फिरत नाई, कार आहे त्यायच्याकडे." रत्नदीप सगळ्यांना हो म्हणायचा. चित्र मात्र चांगलं स्वच्छ होतं आणि नवरी डोळ्यांत भरायची, म्हणून धंदा चालला. सकाळी शटर वर गेलं की रक्षा त्या काचेत नवरी व्हायची आणि शटर खाली येईपर्यंत नवरीच असायची.

त्यांचं जुळलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाचीच हरकत नव्हती. दोघं बौद्ध, दोन्ही घरं खाऊनपिऊन सुखी. जात आडवी आली असती, पैसा आडवा आला असता, तर दोष द्यायला काहीतरी मिळालं असतं. प्रभाकरराव स्वतः बोलणी करायला आले. आयुष्यभर बॉम्बच्या पेट्या हलवलेला माणूस. शब्दही तसाच जपून खाली ठेवायचा. बैठक माझ्या ओसरीवरच झाली, कारण कौशल्याबाईंच्या घरी रंगाचं काम चाललं होतं.

"आमच्याकडून काईच अडचण नाई जी," ते म्हणाले. "तुमच्याकडून?"

"आमच्याकडून कायची? पोरगी घरचीच आहे," कौशल्याबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी रत्नदीपकडे पाहिलं. रक्षा माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातला ट्रे तिने कमरेला टेकवला होता.

"चहा घ्या ना," रत्नदीप म्हणाला. "थंडा होऊन राह्यला."

बाकीचे हसले. लाजला, असं त्यांना वाटलं.

बौद्धांच्या लग्नाला मुहूर्त लागत नाही. बुधवार चालतो, अमावास्या चालते, आषाढ चालतो. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं, हार घालायचे. कुठलाही दिवस मोकळा. रत्नदीपची खरी अडचण ही होती. तिथी नाही, गुरू-शुक्राचा अस्त आहे, असं काही त्याला सांगताच येईना. म्हणून त्याने दुसऱ्यांचे मुहूर्त वापरले. ज्या दिवशी हिंदूंचा मुहूर्त, त्या दिवशी त्याची ऑर्डर. ज्या दिवशी मुहूर्त नाही, त्या दिवशी एडिटिंग. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली, तर आठ दिवस आधी त्याने त्याच तारखेची हिंगणघाटची ऑर्डर घेतली. "जुने गिऱ्हाईक आहे, नाई म्हणता आलं नाई," म्हणाला. दुसरी तारीख ठरली आणि लॉकडाऊन लागलं. प्रभाकररावांनी फोन केला, "वीस माणसात उरकून टाकू, सगळेच करून राह्यले." हा म्हणाला, "असं चोरावानी काऊन करायचं, काका? रक्षाचं लग्न धूमधडाक्यात झालं पाह्यजे."

त्या एका वाक्यावर ती मुलगी कितीतरी महिने आनंदात होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मलाही सांगितलं. धूमधडाक्यात म्हणे.

एकदा दुपारी मी त्याला सरळच विचारलं, "तुला ती आवडत नाही का?"

"आवडते ना, आजी."

"मग?"

त्याने मला गाळ्यात नेलं आणि मागचं कपाट उघडलं. आत लग्नाचे अल्बम होते. जाड, मखमली, काहींच्या पुठ्ठ्यावर नवरा-नवरीचा फोटो. कोणी न्यायला न आलेले. "हे पाहा," तो एकेक काढून दाखवू लागला. "अल्बम तयार व्हाच्या आंधीच हे पोरगी माहेरी गेली. हा नवरदेव फोनच उचलत नाई. आन् या बाईनं काय म्हटलं माहीत आहे? माह्या बाजूचे फोटो कापून द्या, त्याच्या बाजूचे त्याच्या मायले नेऊन द्या. आजी, मी यायले हार घालताना पाह्यलं आहे. काय हासत होते."

"आणि जे अल्बम लोकांनी नेले?"

"ते नेले."

"ते किती?"

"लय असतीन."

"ते का नाही आठवत तुला?"

त्याने कपाट लावलं. आपल्याला फार काही समजलं आहे असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. रोज डबक्यात बघणाऱ्याने नद्या नसतातच असं ठरवावं, तसं. ही भीती नव्हतीच; ती त्याने स्वतःसाठी बांधलेली बसायची जागा होती आणि त्याला तिथे चांगलं गार वाटत होतं.

प्रभाकररावांनी शेवटी दुसरी स्थळं बघायला सुरुवात केली. रक्षा तिशी ओलांडून गेली होती. आर्वीच्या एका घरातून पसंती आली. मुलगा तलाठी होता. बोलणी पक्की होत आली आणि ते लोक साड्या घ्यायला वर्ध्याला आले. त्यांचा कोणी नातेवाईक बोरगावात राहतो, त्याच्याकडे जाताना मुलाची आत्या आमच्या गाळ्यासमोर थांबली. मी ओसरीत मटार सोलत बसले होते.

"या इकडे, सारे या!" तिने हाका मारल्या. "आपल्याले दाखवली थेच पोरगी आहे ना ही?"

"नवरीच्या कपड्यात आहे व माय!"

"कोणासंगं आहे हा?"

मग ती आत्या फाटक उघडून माझ्याकडेच आली. "बाई, या पोरीचं आंधी लग्न झालतं काय?"

"नाही हो. ते सॅम्पल आहे."

"सॅम्पल म्हणजे?"

"दाखवण्यापुरतं. खोटं."

"खोटं लग्न केलं?"

"लग्न नाही. लग्नाआधीची फिल्म."

"लग्नाआंधीची फिल्म निंगाली, आन् मंग लग्न मोडलं!" आत्या मागे वळून सगळ्यांना म्हणाली. "मी काय म्हणत होती? एवढी देखणी पोरगी इतके वर्सं घरात राहते काय उगीच?"

मी जितकं समजावत गेले तितकं ते बिघडत गेलं. कोणत्या मुलाबरोबर, कशासाठी, कुठे कुठे नेऊन, कोणी पाहिलं, एवढे प्रश्न त्यांनी विचारले की शेवटी मला स्वतःलाच ती फिल्म काहीतरी वावगी वाटू लागली. आर्वीचा नकार त्याच संध्याकाळी आला. त्यानंतर यवतमाळकडच्या एका स्थळाने तर कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. त्यांच्यातल्या कोणीतरी टीव्हीचा फोटो काढून प्रभाकररावांच्या मोबाइलवर पाठवला. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

प्रभाकरराव रत्नदीपला भेटायला आले. हा माणूस कोणापुढे हात जोडणारा नव्हता. "बाबू," ते म्हणाले, "तुले कराचं नसन तं नको करू. पण तेवढं चित्र काढून टाक." रत्नदीप म्हणाला, "हो काका, बदलतो." त्याने चहा मागवला. चित्र बदललं नाही.

मग रक्षा आली. उन्हाळ्याचे दिवस होते. गाळ्यात कोणी गिऱ्हाईक नव्हतं.

"टीव्ही बंद कर," ती म्हणाली.

"दुसरं सॅम्पल बनवतो ना."

"कधी?"

"सीझन संपला का."

"नाईतर मले घरी ने. दोनातलं एक कर, रत्नदीप. मी पाया पडाले नाई आली, विचाराले आली. ते फिल्म काढ, नाईतर मले ने."

त्याने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

"या फिल्मवर गिऱ्हाईक येते, रक्षा."

"फिल्मवर येते ना? मंग मी कायले पाह्यजे तुले?"

मी फाटकाशी उभी होते, मला काचेतून दिसत होतं. त्याने रिमोट उचलला. मला वाटलं बंद करतो. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. चित्र चालूच राहिलं.

रुपेश शंभरकरचं स्थळ याच्यानंतरचं. सावंगीच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. वय छत्तीस, पुढचे केस गेलेले, पोट सुटलेलं, स्वभावाने मोकळा. लोकांनी त्याला टीव्हीचं सांगितलंच होतं. तो एका सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवरून आला, काचेसमोर उभा राहिला, फिल्म दोनदा पाहिली आणि माझ्याकडे पाणी प्यायला आला.

"आजी, शेवटचा हात या पोराचा नाई," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिवसभर हातच पाहतो मी. हा म्हाताऱ्या माणसाचा हात आहे. सांधे सुजले आहे त्याचे."

मला हसू आवरेना. रक्षाने ती गोष्ट मला तेव्हाच सांगितली होती. धरणावर शेवटचा शॉट घेताना रत्नदीपचा हात दर वेळी तिच्या हातापाशी येऊन थांबायचा. ऊन उतरायला लागलं. शेवटी "माहा हात फोटोत चांगला येत नाई" म्हणत त्याने धरणावरच्या चौकीदाराला बोलावलं, त्याला स्वतःचा कोट घातला आणि त्याच्या हाताने रक्षाचा हात धरवला. तेव्हा ती हे हसत सांगत होती.

"म्हणजे हिचं लग्न झालंच असन तं चौकीदारासंगं झालं," रुपेश म्हणाला. "चौकीदाराची मले काई अडचण नाई." त्याने दुसरा पेला पाणी मागितलं आणि ओसरीवरूनच आपल्या भावाला फोन केला, की मुलगी पसंत आहे, तारीख काढा.

त्याला प्री-वेडिंग हवंच होतं. रक्षाने सांगितलं, करायचं तर रत्नदीपकडूनच. मला हे कळलं तेव्हा मी तिला बोलावून घेतलं.

"हे तू कशासाठी करते आहेस?"

"त्याले पाहू द्या, आजी. पाहून तरी बोलन. पत्रिका छापाच्या आंधी बोलला तं मी अजूनही मोडतो हे."

"रुपेशचा काय अपराध? त्याच्याशी हे चांगलं नाही."

"माह्याशी कोण चांगलं वागलं?" ती म्हणाली. असं तिने याआधी कधी कोणाला म्हटलं नव्हतं. ज्याच्यामुळे ती अशी झाली होती, तो पलीकडे हेडफोन लावून कोणाच्या तरी हळदीचं शूटिंग कापत बसला होता.

आणि रत्नदीपने ती ऑर्डर घेतली. ज्याला हो म्हणता येत नाही त्याला नाहीही म्हणता येत नाही.

अशा शूटिंगला मुलीबरोबर घरचं कोणी मोठं माणूस जातं. रक्षाला आई नाही, म्हणून तिने मला नेलं. आम्ही पवनारला गेलो. धाम नदीला पाणी बेताचं होतं. मी छत्री घेऊन एका सपाट खडकावर बसले. माझ्या मांडीवर रक्षाची मेकअपची पेटी. रुपेशने तीच फिल्म हुबेहूब मागितली होती, फक्त शेवटचा हात स्वतःचा. तो खडकांवरून चालताना दोनदा घसरला आणि तिसऱ्यांदा सरळ पाण्यात बसला. स्वतःच मोठ्याने हसला. "हे ठेवजो फिल्ममध्ये!" रत्नदीपला ओरडून म्हणाला, आणि शर्ट बदलायला गाडीकडे गेला.

खडकावर रक्षा उभी होती. समोर स्टँडवर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे हा.

"रत्नदीप," ती म्हणाली. "उद्या पत्रिका छापाले जाते."

तो कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होता.

"बोल. अजूनही बोल. बाबाले मी सांगतो, रुपेशले मी सांगतो. शिव्या खाईन, मार खाईन. तुले काईच कराचं नाई. नुसतं म्हण."

पलीकडे कपडे धुणाऱ्या बाईनेही हात थांबवला, इतका तिचा आवाज चढला होता. मी छत्री मिटली. का मिटली, ते माहीत नाही.

रत्नदीपने मान वर केली. त्याचे डोळे भरलेले होते, हे मी पाहिलं आहे आणि ते लिहिलं पाहिजे. ओठ हलले. मग तो म्हणाला, "थोडी डावीकडं हो. चेहऱ्यावर सावली येऊन राह्यली."

ती डावीकडे झाली.

रुपेश कोरडा शर्ट घालून आला. धरणावर जाऊन शेवटचा हात त्याने पहिल्याच वेळी घट्ट धरला. घरी परतल्यावर फाटकाशी मी रत्नदीपला थांबवलं. "तिला नाही तरी म्हणायचं होतंस. एवढी वर्षं झाली, नाही म्हणाला असतास तरी ती सुटली असती."

"मी तिले नाई म्हटलं नाई कधीच, आजी," तो म्हणाला. हे तो स्वतःचा चांगुलपणा म्हणून सांगत होता.

लग्न पुलगावला झालं, एका हॉलमध्ये. फिल्म आधी पडद्यावर दाखवली. रुपेश पाण्यात बसतो तिथे सगळा हॉल हसला. बसस्टँडचा प्रसंग त्यात नव्हता; तो गाळला होता की घेतलाच नव्हता, मला माहीत नाही. पाहुणे म्हणाले, "मस्त काढली. चांगला पोट्टा आहे शूटिंगवाला." कौशल्याबाई आल्या होत्या. शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी. त्या सारख्या पदराने खुर्चीचा हात पुसत होत्या.

रक्षाने पांढरी साडी नेसली होती. मेकअप स्वतःच केला होता. ती आणि रुपेश प्रतिमेपुढे बसले, मेणबत्त्या लावल्या. भन्तेजींनी त्रिशरण दिलं, पंचशील झालं, दोघांनी प्रतिज्ञा म्हटल्या. रक्षाचा आवाज माइकमधून स्पष्ट आला. रत्नदीप स्टेजच्या कोपऱ्यात एका गुडघ्यावर होता, कॅमेरा खांद्यावर. मग हार आणले. लोक उभे राहायला लागले, पाकळ्या वाटल्या गेल्या. रक्षाने हार दोन्ही हातांनी उचलला. रुपेशने मान वाकवली.

"थांबा!"

रत्नदीपचा आवाज. तो उठून उभा राहिला होता.

सगळा हॉल थांबला. पाकळ्या मुठीत राहिल्या. प्रभाकररावांनी पुढे टाकलेलं पाऊल तिथेच ठेवलं. माझ्या शेजारी कौशल्याबाई ताडकन उभ्या झाल्या. त्यांनी माझा खांदा इतका दाबला की मला दुखलं. आणि रक्षा. तिचे हात हारासकट वर तसेच होते. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काय होतं ते वर्णन करायला मला जमणार नाही. इतकंच सांगते, की तिला राग आलेला नव्हता. एवढं सगळं होऊन, स्टेजवर, दुसऱ्या माणसासमोर, तीनशे माणसांत, ती मुलगी त्या एका शब्दासरशी पुन्हा बसस्टँडच्या बाकावर जाऊन बसली होती. रुपेश मान वाकवून होता. त्याने वर बघितलं नाही. मला वाटतं तो मुद्दामच बघत नव्हता.

"मधात काका आले होते," रत्नदीप म्हणाला. "सरका जी काका थोडं. हां. आता घाला."

कोणीतरी हसलं. "अरे बापा, घाबरवलं ना बे!" कॅमेऱ्याच्या आड आलेला एक पाहुणा सरकला. रक्षा अजून त्याच्याकडेच बघत होती. तो परत गुडघ्यावर बसला होता आणि त्याचा चेहरा कॅमेऱ्यामागे गेला होता.

ती रुपेशकडे वळली. "वाका थोडं," म्हणाली, आणि हार घातला. टाळ्या वाजल्या, पाकळ्या उडाल्या. जयमंगल अष्टगाथा सुरू झाली.

"काकू, मले वाटलं…" कौशल्याबाई म्हणाल्या.

"मलाही वाटलं," मी म्हटलं. "बसा आता."

त्या बसायला वळल्या. त्यांची खुर्ची जेवणाच्या पंगतीसाठी कोणीतरी ओढून नेली होती.